क्लबमधला पहिला सिरियस डाव: घड्याळ, स्कोअरशीट आणि एक इटालियन ओपनिंग

मोबाईलवर बुद्धिबळाचे पाच-पाच मिनिटांचे शेकडो डाव खेळलेला माणूस पहिल्यांदा क्लबमध्ये लांब डाव खेळायला बसतो तेव्हा त्याला सगळ्यात जास्त काय जड जातं माहितीये? चाली नाहीत, तर शांतता. समोर खराखुरा माणूस बसलेला असतो, तो वीस-वीस मिनिटं एका चालीवर विचार करतो, शेजारी घड्याळ चालू असतं, आपल्याला प्रत्येक चाल लिहायची असते, आणि हे सगळं एकदम अंगावर आलं की येत असलेलं पण विसरायला होतं. म्हणून हा लेख. सोंगट्या कशा चालतात, शह, मात, किल्लेकोट एवढं तुम्हाला येतं असं धरून चाललोय, त्याच्या पुढचं सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. पाठ केलेलं ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, क्लबमध्ये पाचव्या-सातव्या चालीला संपतं. समोरचा काहीतरी वेगळंच खेळतो आणि आपल्या डोक्यातली लिस्ट तिथे थांबते. त्यानंतर कामाला येतात दोनच गोष्टी, प्रत्येक चाल का खेळली याचं कारण आणि घड्याळात शिल्लक असलेला वेळ. ही दोन्ही तुमच्याकडे असतील तर पहिल्याच डावात तुम्ही नीट लढाल, मग समोर कोणीही असू दे.

आधीच्या आठवड्यात

पहिलं काम म्हणजे टाइम कंट्रोल काय आहे, म्हणजे प्रत्येकाला किती वेळ मिळतो, ते आयोजकांना विचारून घ्या. लांब डावात बऱ्याच ठिकाणी ९० मिनिटं आणि पहिल्या चालीपासून प्रत्येक चालीला ३० सेकंद इन्क्रिमेंट, म्हणजे घड्याळात तेवढी भर, असं असतं. म्हणजे ४० चालींचा डाव झाला तर तुम्हाला वरची २० मिनिटं मिळालेली असतात. ही इन्क्रिमेंटची आयडिया बॉबी फिशरची, त्याने तसल्या घड्याळाचं पेटंटच घेतलं होतं आणि १९९२ मध्ये स्पास्कीबरोबरच्या मॅचमध्ये ते वापरलं. उशीर झाला तर किती मिनिटांनी डाव हरल्याचं धरतात हेही विचारा, ते सगळीकडे सारखं नसतं.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. खरा पट काढा, खऱ्या सोंगट्या लावा आणि निदान तीन-चार डाव त्याच्यावर खेळा, कोणी नसेल तर दोन्ही बाजूंनी तुम्हीच खेळा. स्क्रीनवर पट वरून सपाट दिसतो आणि खरा पट तिरका, समोरून दिसतो, त्यामुळे लांबचा उंट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत बघतोय हे चटकन लक्षातच येत नाही. ऑनलाइन चांगलं खेळणारी मुलं पहिल्या क्लब डावात अशाच लांबच्या उंटाला हत्ती देऊन बसतात, त्यात त्यांच्या बुद्धीचा काही दोष नसतो, डोळ्याला सवय नसते एवढंच.

तिसरं म्हणजे चाली लिहायची प्रॅक्टिस. उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८, पांढऱ्याच्या बाजूने १ सुरू. राजाला के, वजिराला क्यू, हत्तीला आर, उंटाला बी, आणि घोड्याला एन, कारण के आधीच राजाने घेतलंय. प्याद्याला काहीच अक्षर नाही, नुसतं घर लिहायचं. मारलं तर मधे फुली, शह दिला तर शेवटी अधिकचं चिन्ह, राजाच्या बाजूचा किल्लेकोट ०-०, वजिराच्या बाजूचा ०-०-०. एक डाव खेळताखेळता लिहिला की हात बसतो. काळ्याकडून खेळताना मात्र आकडे उलटे दिसतात आणि सुरुवातीला हमखास चुकतात, म्हणून प्रॅक्टिस दोन्हीकडून करा.

पटासमोर बसल्यावर

उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं जवळचं घर पांढरं हवं, पांढरा वजीर पांढऱ्या घरात आणि काळा वजीर काळ्या घरात. पट चुकीचा लावलाय हे दहाव्या चालीला कळलं तर फार गोंधळ होतो. स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, दोघांची नावं, राऊंड, बोर्ड नंबर, तारीख लिहून टाका. फोन पूर्ण बंद करून आयोजक सांगतील तिथे ठेवा, सायलेंटवर नाही, बंद. फिडेच्या (बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत डाव चालू असताना तुमचा फोन वाजला तर तुम्ही डाव हरता, स्पर्धेच्या नियमांत सौम्य शिक्षा लिहिलेली असेल तर गोष्ट वेगळी. हस्तांदोलन होतं, काळा घड्याळ दाबतो आणि पांढऱ्याची वेळ सुरू होते.

आता हात आणि घड्याळाचे नियम, हे नीट वाचा, कारण नवे लोक चालींपेक्षा इथेच जास्त अडकतात.

हात लावला की खेळायचं. आपल्या सोंगटीला मुद्दाम हात लावला आणि तिची नियमात बसणारी चाल असेल तर तीच खेळावी लागते, समोरच्याच्या सोंगटीला लावला आणि ती मारता येत असेल तर मारावी लागते. सोंगटी घरात नीट बसलेली नसेल तर आधी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणा आणि मग सरळ करा, तेही तुमची पाळी असतानाच. हाताला सवय म्हणून मी सुरुवातीचे काही महिने दोन्ही हात मांडीखाली ठेवून बसायचो, चाल नक्की ठरली की मगच हात वर. दिसायला विचित्र दिसतं पण त्या सवयीने माझे कितीतरी डाव वाचलेत.

किल्लेकोट एका हाताने आणि राजाला आधी हात. आधी हत्तीला हात लावलात तर समोरचा म्हणू शकतो की आता हत्तीच खेळ, आणि ते बरोबर असतं. प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि जादाचा वजीर जवळ नसेल तर हत्ती उलटा ठेवून ‘वजीर’ म्हणायची पद्धत घरी चालते, इथे तो हत्तीच धरला जातो, म्हणून घड्याळ थांबवून आर्बिटरकडे (पंचाकडे) वजीर मागा. ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ. चुकून नियमाबाहेरची चाल करून घड्याळ दाबलं तर लांब डावात पहिल्यांदा समोरच्याला २ मिनिटं मिळतात, दुसऱ्यांदा डाव जातो.

चाल आधी खेळायची, मग लिहायची. आधी लिहून मग खेळणं आता चालत नाही, अपवाद फक्त बरोबरीच्या दाव्याचा, तो शेवटी सांगतो. ३० सेकंदांचं इन्क्रिमेंट असेल तर शेवटपर्यंत लिहावंच लागतं, वेळ कितीही कमी असू दे. आणि काही शंका आली तर घड्याळ थांबवून आर्बिटरला विचारा, लाजायचं काही कारण नाही. १९७४ च्या कँडिडेट्स फायनलमध्ये (जगज्जेत्याला कोण आव्हान देणार ते ठरवणाऱ्या मॅचमध्ये) कार्पोव्हविरुद्ध खेळताना कोर्चनॉयने, म्हणजे जगातल्या पहिल्या दोन-तीन खेळाडूंपैकी एकाने, आर्बिटरला विचारलं होतं की माझ्या हत्तीवर हल्ला आहे तर मला किल्लेकोट करता येईल का. येतो. शहात असताना, हल्ल्यातल्या घरावरून किंवा हल्ल्यातल्या घरात राजा नेता येत नाही, हत्तीवर हल्ला असला तरी चालतं.

पांढऱ्याकडून: इटालियन, पण कारणांसकट

पहिल्या डावासाठी मी सगळ्यांना एकच ओपनिंग सांगतो, इटालियन, त्यातलं पण शांत व्हेरिएशन. शांत म्हणजे नावातच शांत आहे, जिओको पियानो म्हणजे शांत खेळ आणि आपण खेळणार ते जिओको पियानिसिमो म्हणजे अगदीच शांत. चारशे वर्षांपूर्वी ग्रेकोच्या हस्तलिखितांत या उंटाच्या चाली आहेत आणि आजचे टॉपचे ग्रँडमास्टरसुद्धा खेळतात, स्पॅनिश ओपनिंगमध्ये काळ्याच्या बर्लिन डिफेन्सची भिंत फुटत नाही म्हणून गेल्या दहा-बारा वर्षांत अनेकजण परत इकडे वळलेत. म्हणजे हे पोरांचं ओपनिंग आहे असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची, अशा जोड्या वाचा. ई४, ई५. घोडा एफ३, घोडा सी६. उंट सी४, उंट सी५. इथपर्यंत सगळ्यांना येतं. पांढऱ्याचा उंट एफ७ कडे बघतोय, कारण त्या प्याद्याला सुरुवातीला फक्त राजाचाच आधार असतो. काळ्याचा उंट त्याच कारणासाठी एफ२ कडे बघतोय.

चौथी चाल सी३. हे छोटंसं प्यादं दोन कामं करतं, पुढे कधीतरी डी४ ढकलायची तयारी करतं, आणि उंटाला पळायला वाट करून देतं. पुढे उंट बी३ ला असताना काळ्याने घोडा ए५ ला आणून त्याला हाकललं तर तो सी२ ला जाऊन बसू शकतो, मरत नाही. काळा घोडा एफ६ खेळतो, ई४ वर हल्ला. पाचवी डी३, ई४ ला आधार. इथे लगेच डी४ ढकलायचा मोह होतो, पुस्तकी आहे पण काळा मारतो, आपण मारतो, उंट बी४ ला येऊन शह देतो आणि मग खूप हिशोब लागतो, ते सहा महिन्यांनी करा.

काळा डी६, आपण किल्लेकोट, काळा किल्लेकोट. सातवी एच३. आता इथे थोडं थांबून बघा, कारण मला स्वतःला ही चाल बरेच दिवस उगाचची वाटायची आणि मी सरळ हत्ती ई१ खेळायचो. हत्ती एफ१ वरून उठला की एफ२ चा एक राखणदार गेला, राहिला फक्त राजा. मग काळा घोडा जी४ ला येतो आणि घोडा अधिक सी५ चा उंट असे दोघं एफ२ वर. हत्ती ई२ ला आणून वाचवता येतं, पण तो बिचारा तिथे अडचणीत उभा राहतो आणि आपण पहिल्यांदाच लांब डाव खेळताना विनाकारण घाम गाळतो. एच३ आधी खेळलं की घोडा आणि सी८ चा उंट दोघांनाही जी४ बंद. मग खुशाल हत्ती ई१.

त्यानंतरचा प्लॅन असा. उंट बी३ ला मागे घ्या, म्हणजे काळ्याने डी५ ढकललं तर तो प्याद्याच्या तोंडात येत नाही. बी१ चा घोडा डी२, तिथून एफ१, तिथून जी३. तीन चाली लागतात पण जी३ वरून तो एफ५ ला उडी मारायच्या तयारीत असतो, काळ्याच्या राजाच्या अगदी दारात. डी२ ला घोडा असताना सी१ चा उंट अडकलेला दिसतो, घोडा एफ१ ला गेला की त्याची वाट मोकळी होते. आणि मग वेळ आली की डी४. काळा साधारण ए६, उंट ए७, एच६, हत्ती ई८, उंट ई६ असं काहीतरी करत असतो. बाराव्या चालीपर्यंत दोघांच्या सगळ्या सोंगट्या पटावर आहेत, राजे सुरक्षित आहेत, कोणी काही मारलेलं नाही, आणि खरा डाव आता सुरू होतो. नव्या माणसाला हेच तर हवं असतं.

चालींचा क्रम पाठ करू नका, एच३ चं कारण लक्षात ठेवा, बी३ चं कारण लक्षात ठेवा. क्रम बदलला तरी कारण बदलत नाही.

एक चाल मात्र घाईने खेळू नका, उंट जी५. घोड्याला वजिरासमोर पिन करून ठेवणं, म्हणजे घोडा हलला तर मागचा वजीर मरेल असं अडकवणं, सगळ्यांनाच आवडतं. पण तुम्ही किल्लेकोट केलाय आणि काळ्याने अजून केला नाही अशा वेळी उंट जी५ खेळलात तर तो एच६, उंट एच४, जी५ असं ढकलत येतो, कारण त्याचा राजा त्या बाजूला नाहीच, त्याचं काय जातंय. उंट जी३ ला गेला की एच५. १८६२ मध्ये लंडनला स्टाइनिट्झ काळ्याकडून दुबुआविरुद्ध असाच प्यादी ढकलत गेला आणि डाव जिंकला. म्हणून आधी बघायचं, त्याचा राजा कुठे आहे.

वाटेतले सापळे

क्लबमध्ये नवा चेहरा दिसला की काहीजण हमखास सापळे टाकून बघतात. चार ओळखून ठेवा.

पहिला, ई४ ई५ नंतर पांढऱ्याचा वजीर थेट एच५. चार चालींत मात द्यायचा प्रयत्न. घाबरून जी६ खेळलात तर वजीर ई५ चं प्यादं मारतो, शह देतो आणि कोपऱ्यातला हत्ती पण घेतो. आधी घोडा सी६, ई५ ला आधार द्या. मग तो उंट सी४ खेळला की आता जी६, वजीर एफ३, घोडा एफ६. झालं, धमकी संपली आणि त्याचा वजीर उगाच फिरतोय.

दुसरा इटालियनमधलाच. उंट सी४ नंतर काळा घोडा डी४ ला आणतो आणि ई५ चं प्यादं फुकट सोडल्यासारखं दिसतं. ते घोड्याने मारलंत की वजीर जी५ ला येतो, घोड्यावर आणि जी२ वर एकदम. तुम्ही एफ७ मारून वजीर-हत्तीवर फोर्क (एकाच वेळी दोघांवर हल्ला) केल्याच्या आनंदात असता तोवर तो जी२ मारतो, हत्ती एफ१, वजीर ई४ मारून शह, उंट ई२ मधे घालता आणि घोडा एफ३, मात. स्वतःच्याच सोंगट्यांत कोंडलेल्या राजाला मात. साधं उत्तर आहे, घोड्याने घोडा मारा, त्याने प्याद्याने परत मारलं की किल्लेकोट करा, तुम्ही चांगल्या स्थितीत आहात.

तिसरा तुम्ही काळे असताना. तुम्ही तिसऱ्या चालीला उंट सी५ ऐवजी घोडा एफ६ खेळलात आणि त्याचा घोडा जी५ ला आला, एफ७ वर घोडा आणि उंट दोघं. डी५ ढकला, तो ई प्याद्याने मारतो, आणि इथेच चूक होते कारण हात आपोआप घोड्याने डी५ मारायला जातो. मारू नका. मारलंत तर त्याचा घोडा एफ७ वर स्वतःला झोकून देतो, राजाने मारला की वजीर एफ३ शह, आणि डी५ चा घोडा वाचवायला राजाला पटाच्या मध्यावर ई६ ला यावं लागतं. त्याऐवजी घोडा ए५, उंटाला हाकला. तो बी५ ला शह देतो, सी६, मारामारी होते, एक प्यादं जातं पण तुमच्या सोंगट्या भराभर बाहेर येतात. हे सगळं नकोच असेल तर तिसरी चाल उंट सी५ खेळा, मग घोडा जी५ ला आलाच तर वजिराने सरळ खाऊन टाका, कारण एफ६ ला घोडा नसल्याने डी८ पासून जी५ पर्यंत वाट उघडी आहे.

चौथा माझ्यावर स्वतःवर पडलेला आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

माझा पहिला डाव

मी पांढरा. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४, आणि समोरच्या काकांनी उंटाऐवजी घोडा एफ६ खेळला. माझी पाठ केलेली लिस्ट तिसऱ्याच चालीला संपली. ‘घोडे लवकर बाहेर काढा’ एवढं डोक्यात होतं म्हणून चौथी चाल घोडा सी३. काकांनी पाच मिनिटं विचार केला, आणि एफ६ च्या घोड्याने ई४ चं प्यादं मारलं. मला वाटलं घोडा फुकट मिळाला! दोन सेकंदांत मारला, घड्याळ दाबलं, लिहायला सुद्धा विसरलो. त्यांनी डी५ ढकललं. एक प्यादं, आणि त्याच्या एका बाजूला माझा सी४ चा उंट, दुसऱ्या बाजूला ई४ चा घोडा. दोन्हीवर हल्ला, एकच वाचणार.

कान गरम झाले, हातापायातलं बळ गेलं. माझ्या घड्याळात ९१ मिनिटं होती, इन्क्रिमेंटमुळे सुरुवातीपेक्षा पण जास्त, आणि मी अर्ध्या मिनिटात उंट बी५ खेळलो कारण उंट तरी वाचवू असं वाटलं. डी प्याद्याने घोडा गेला, मी ई५ चं प्यादं घोड्याने मारलं, वजीर जी५. माझ्या घोड्यावर आणि जी२ वर एकदम. राजा मध्येच अडकला, किल्लेकोट झालाच नाही आणि तेविसाव्या चालीला मी डाव सोडला.

आता बघा, डी५ पडलं तेव्हा मी हरलेलो होतो का? अजिबात नाही. शांतपणे मोजलं असतं तर दिसलं असतं की मी त्यांचा घोडा आधीच मारलाय, ते माझी एक सोंगटी परत घेणार, बस. उंट डी३, ते घोडा मारणार, मी उंटाने प्यादं मारणार, दोघांचा एकेक घोडा आणि एकेक प्यादं गेलं. पूर्ण बरोबरी. नव्वद मिनिटं हातात असताना दहा मिनिटं मोजायला दिली असती तर हे सापडलं असतं, यात ग्रँडमास्टरचं काही लागत नाही.

म्हणून ही पायरी मी वेगळी सांगतो: दचकलात की थांबा आणि मोजा. हात मांडीखाली. त्याने काय मारलं, मी काय मारलं, आता काय काय मरू शकतं, शेवटी दोघांकडे काय उरतं. पाणी प्या, गरज वाटली तर उठून दोन मिनिटं फिरून या, तुमची पाळी असताना हॉलबाहेर जायचं असेल तर आर्बिटरला विचारून जा. आणि कोणी फुकट सोंगटी देतोय असं वाटलं तर दोन सेकंदांत मारू नका, विशेषतः त्याने पाच मिनिटं विचार करून दिली असेल तर.

काळ्याकडून थोडक्यात, आणि इतर उत्तरं

ई४ ला ई५ च खेळा, म्हणजे तेच ओपनिंग दोन्ही बाजूंनी तुमच्या ओळखीचं होतं, अर्धा अभ्यास वाचतो. डी४ ला डी५, मग घोडा एफ६, ई६, उंट ई७, किल्लेकोट. इथे एकच लक्षात ठेवायचं, सी प्याद्याच्या पुढे घोडा उभा करू नका, आधी सी५ किंवा सी६ आणि मग घोडा, नाहीतर तुमचा डाव गुदमरतो. क्लबमध्ये लंडन सिस्टिम खेळणारे पुष्कळ भेटतील, उंट एफ४ ला आणून बसतात. त्यांना सी५ आणि मग वजीर बी६, कारण उंट बाहेर गेल्यावर बी२ च्या प्याद्याकडे बघायला कोणी नसतं.

तुम्ही ई४ खेळलात आणि समोरून ई५ आलंच नाही तर? ई६ किंवा सी६ आलं तर डी४, त्याने डी५ केलं की मारून टाका, पट मोकळा होतो आणि नेहमीसारख्या सोंगट्या बाहेर काढता येतात. सी५ म्हणजे सिसिलियन, तिथे उंट सी४ ची सवय सोडा कारण तो ई६ आणि डी५ करून उंटाला पळवतो. घोडा एफ३, त्याने घोडा सी६ केलं तर उंट बी५ आणि किल्लेकोट, त्याने डी६ केलं तरी उंट बी५ शह आहेच. पहिल्या महिन्यासाठी एवढं पुरतं.

वेळ कसा वापरायचा

ओळखीच्या पहिल्या आठ-दहा चालींना दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका, पण त्या पण धडाधड खेळू नका, प्रत्येक चालीला ‘त्याने हे का खेळलं’ एवढा एक प्रश्न विचारा. पहिल्यांदा जिथे अनोळखी चाल येते तिथे मात्र भरपूर वेळ द्या, दहा, पंधरा, वीस मिनिटं सुद्धा, वेळ साठवून ठेवलाय तो याच्यासाठीच. स्कोअरशीटवर दर पाच चालींनी घड्याळात किती उरलेत ते बाजूला बारीक लिहून ठेवायला परवानगी आहे, ते लिहा, घरी गेल्यावर या आकड्यांचा फार उपयोग होतो. समोरचा विचार करत असताना मोठ्या प्लॅनचा विचार करायचा, आपली पाळी आली की नेमक्या चालींचा हिशोब.

आणि चाल ठरली की हात वर काढायच्या आधी पाच सेकंद पटाकडे नव्याने बघा: मी ही सोंगटी उचलली तर मागे काय उघडं पडतंय?

बरोबरी आणि शेवट

बरोबरी मागायची रीत अशी की आधी चाल खेळा, मग विचारा, मग घड्याळ दाबा. त्याची पाळी चालू असताना विचारू नका, आणि नाही म्हणाला तर परत परत मागू नका, त्याला त्रास दिल्याचं धरलं जातं. समोरचा जास्त रेटिंगचा आहे आणि त्याने बरोबरी मागितली तर बहुतेक वेळा त्याला स्वतःची स्थिती आवडलेली नसते, म्हणून लगेच हो म्हणू नका, चालीसाठी सोंगटीला हात लावेपर्यंत विचार करायचा हक्क तुम्हाला आहे. तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर ती चाल पटावर न खेळता फक्त स्कोअरशीटवर लिहा, घड्याळ थांबवा आणि आर्बिटरला बोलवा. ५० चालींत कोणी प्यादं हलवलं नाही आणि काही मारलं गेलं नाही तर तेही असंच.

डाव संपला की हात मिळवा, निकाल लिहा, दोघांनी एकमेकांच्या स्कोअरशीटवर सह्या करा. सही करायच्या आधी निकाल नीट बघा, चुकीचा निकाल लिहून सही झाली की निस्तरायला त्रास होतो.

मग लगेच घरी पळू नका. समोरच्याला विचारा, जरा बघूया का डाव? हॉलच्या बाहेर दुसऱ्या पटावर. बहुतेकजण आनंदाने बसतात, आणि कॉम्प्युटर सांगतो त्यापेक्षा इथे वेगळं कळतं, कारण कॉम्प्युटर आकडा दाखवतो आणि माणूस सांगतो की मला तिथे भीती वाटत होती. घरी आल्यावर डाव वहीत उतरवा, आणि आपण जिथे ओळखीच्या वाटेवरून उतरलो त्या एका चालीवर खूण करून तिचं उत्तर शोधा. एका डावाला एक उत्तर पुरे, वीस डावांत वीस होतात.

माझ्या त्या डावानंतर काकांनी मला बाहेर बसवून घेतलं, पट लावला, आणि डी५ ची स्थिती मांडून म्हणाले, आता खेळ. मला तिथे उंट डी३ सापडायला तीन मिनिटं पण लागली नाहीत. मग त्यांनी दोन चाली मागे नेल्या, माझा सी३ चा घोडा परत बी१ ला ठेवला आणि विचारलं, ई४ ला आधार द्यायला दुसरं काय आहे? मी डी प्यादं एक घर पुढे केलं. महिन्याभराने परत त्यांच्याशीच पांढऱ्याकडून डाव पडला, त्यांनी परत घोडा एफ६ खेळला, मी डी३ खेळलो आणि वहीत बाजूला लिहिलं, ८८ मिनिटं शिल्लक.